सिट्रोएन एक्सएम : सस्पेन्शन वारंवार कडक होत असेल, तर दोष कुठून शोधायला घ्यावा

सिट्रोएन एक्सएम या गाडीच्या मालकांची एक तक्रार गेली तीस वर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. सकाळी गाडी निघते तेव्हा रस्त्यावरचे खड्डे जाणवतही नाहीत; आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मात्र, वेग तोच आणि रस्ताही तोच असताना, ती एकाएकी कडक होते, रस्त्यातल्या प्रत्येक सांध्याचा दणका कमरेपर्यंत पोहोचतो, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ सगळे पूर्ववत चालते. गॅरेजमध्ये सस्पेन्शनचे नायट्रोजन भरलेले गोळे बदलून मिळतात, पंधरा दिवस समाधानात जातात आणि पहिल्याच ओल्या सकाळी तक्रार परत दाराशी उभी राहते. दोष शोधण्याचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात, म्हणजे सस्पेन्शनच्या तेलापासून सुरुवात करतात आणि विजेपर्यंत पोहोचायच्या आत त्यांचा खिसा आणि धीर दोन्ही संपतात, असे माझे मत आहे.

हा उलटा क्रम मीही एकदा लावलेला आहे. मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि उरलेले वर्ष पाऊस असतो, त्यामुळे जुन्या गाडीच्या वायरिंगची परीक्षा रोजच चालते. मी सहाच्या सहा गोळे नवीन आणून बसवले, तेल बदलले, आणि गाडी होती तशीच कडक होत राहिली. खरा धागा सापडला तो बायकोच्या एका वाक्यामुळे. शेजारी बसलेली असताना ती म्हणाली, "बोगद्यात शिरलं की ही रुसते बघ." बोगद्यात शिरताना मी एकच गोष्ट वेगळी करत होतो, ती म्हणजे हेडलाइट लावत होतो. हेडलाइटचा आणि सस्पेन्शनचा संबंध तेलाच्या नळ्यांतून असणे शक्य नव्हते. तो एकाच ठिकाणी असू शकत होता, आणि ते ठिकाण म्हणजे दोघांचे सामाईक अर्थिंग, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारा जोड.

हा संबंध नीट कळण्यासाठी या सस्पेन्शनची रचना थोडी समजून घ्यावी लागते. एक्सएमला नेहमीच्या पोलादी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाजवळ एक पोलादी गोळा असतो. त्याच्या आत रबरी पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला एलएचएम नावाचे हिरवे खनिज तेल असते. चाक वर आले की तेल नायट्रोजनला दाबते, म्हणजे वायू हीच स्प्रिंग. पॉल माजेस या अभियंत्याने विकसित केलेली ही कल्पना १९५४ साली सिट्रोएनच्या एका मॉडेलच्या मागच्या चाकांवर आली आणि १९५५ च्या डीएस या गाडीत चारही चाकांवर बसली. एक्सएममध्ये त्यावर आणखी एक थर चढवला गेला, त्याचे नाव हायड्रॅक्टिव्ह. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला एकेक जादा गोळा दिला गेला. हा मधला गोळा बाकीच्या दोघांशी जोडलेला असला की वायूचे आकारमान वाढते आणि गाडी मऊ होते. तो तोडला की गाडी कडक होते, वळणावर कमी झुकते आणि ब्रेक दाबल्यावर नाक कमी खाली घालते. जोडायचे की तोडायचे, हे एक कंट्रोल युनिट ठरवते. स्टिअरिंग किती आणि किती वेगाने फिरले, ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेकचा दाब किती, बॉडी किती हलली आणि गाडीचा वेग किती, एवढ्या गोष्टी त्याला सेन्सरांकडून कळत असतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मधला गोळा जोडण्यासाठी एका विद्युत-व्हॉल्व्हला वीज द्यावी लागते. वीज मिळाली तर गाडी मऊ, न मिळाली तर कडक. रचनाकारांनी हे मुद्दामच असे ठेवले, कारण काही बिघडले तर मऊ आणि झुलणाऱ्या गाडीपेक्षा कडक गाडी रस्त्यावर सुरक्षित असते. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की फ्यूज गेलेला असो, तार तुटलेली असो, अर्थिंग सडलेले असो, सेन्सर चुकीचे सांगत असो किंवा कंट्रोल युनिट मेलेले असो, चालकाला लक्षण एकच दिसते. त्यातच मधला गोळा वायू गमावून बसला तरीही लक्षण तेच. तापाचे कारण मलेरिया की टायफॉइड, हे नुसत्या थर्मामीटरवरून कळत नाही, तसेच हे आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे कडकपणाचे दोन प्रकार वेगळे करणे. गाडी सदासर्वकाळ कडक असेल, अगदी सकाळी पहिल्या मिनिटापासून, तर दोष गोळ्यांत असण्याची शक्यता बरीच असते, कारण गोळ्यातून गेलेला वायू दुपारी परत येत नाही. कडकपणा येत-जात असेल, हवामान, हेडलाइट, पंखा किंवा गाडीचे तापणे यांच्याबरोबर बदलत असेल, तर गोळ्यांना हात लावण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी चाचणी दाराची, आणि तिला कुठलेही उपकरण लागत नाही. एक्सएमचे कंट्रोल युनिट इग्निशन बंद असतानाही दार उघडल्याची दखल घेते आणि सुमारे अर्धा मिनिट व्हॉल्व्हला वीज देते, म्हणजे माणसे उतरल्या-चढल्यावर गोळ्यांतला दाब सारखा होतो आणि गाडी सुरू करताना उसळी मारत नाही. गाडी काही मिनिटे बंद ठेवून सगळीकडे शांत असताना एकाने दार उघडावे आणि दुसऱ्याने बॉनेटजवळ कान द्यावा. व्हॉल्व्हचा "टक्" असा स्पष्ट आवाज यायला हवा, आणि त्या अर्ध्या मिनिटात पुढचा बंपर दाबला तर गाडी नंतरच्यापेक्षा सहज खाली-वर झाली पाहिजे. आवाज आलाच नाही, तर दोष विजेच्या बाजूला आहे. आवाज आला पण गाडीच्या लवचिकपणात तसूभरही फरक पडला नाही, तर वीज आपले काम करते आहे आणि मधला गोळा किंवा त्याच्या बुडाशी असलेली सरकती दांडी अडकलेली आहे. ही चाचणी करण्यापूर्वी दार उघडल्यावर गाडीतला दिवा लागतो ना, तेवढे पाहून घ्यावे. दाराचा स्विचच गेलेला असेल, तर कंट्रोल युनिटला दार उघडल्याचे कळणार कसे?

आवाज येत नाही किंवा कधी येतो कधी येत नाही, असे आढळले तर अर्थिंगकडे वळावे. बॉनेटखाली पुढच्या पत्र्यावर आणि बॅटरीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या जाड वायरीवर ही ठिकाणे आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत अनेक वायरींची टोके एकाच ठिकाणी गोळा केलेली असतात आणि तेथून पत्र्याला जोडलेली असतात. वरून पाहिले तर सगळे ठाकठीक दिसते, आणि फसगत इथेच होते. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, हलकेच फिरवून बाहेर काढा. खालच्या बाजूला पांढरट-हिरवी भुकटी दिसेल, आणि वायरीचे प्लॅस्टिक एखादा सेंटिमीटर सोलले तर आतले तांबे लालसर चमकण्याऐवजी काळे पडलेले आढळेल. माझ्या गाडीत एक लग हातात घेतला आणि नुसता वाकवला, तर वायरीच्या जेमतेम पाच-सहा तारा शाबूत होत्या. बाकीच्या प्लॅस्टिकच्या आत तुटून बसल्या होत्या.

हा दोष मल्टिमीटरच्या ओहम-मापनात सापडत नाही, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. मल्टिमीटर तपासताना अगदी क्षीण प्रवाह पाठवतो, आणि तेवढ्याला एक तारही पुरते. तो शून्य दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. मोजायला हवा तो प्रवाह चालू असतानाचा व्होल्टेजचा घसारा, म्हणजे वाटेत किती व्होल्ट कमी होतात तो आकडा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या शिशाच्या खुंटीला, क्लॅम्पला नव्हे, आणि दुसरे कंट्रोल युनिटच्या अर्थच्या पिनला लावावे. मग दार उघडून व्हॉल्व्ह चालू करावा आणि त्यानंतर हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा एकामागून एक लावत जावे. ०.१ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग चांगले. हेडलाइट लावताच तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे उडी मारत असेल, तर दोषी सापडला. एक साधा हिशेब पाहा. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध सुमारे ५ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टवर तो २.४ अँपिअर ओढतो. वाटेतल्या सडक्या जोडात फक्त १ ओहम रोध निर्माण झाला, तर प्रवाह २ अँपिअरवर येतो आणि २ व्होल्ट त्या जोडातच जळतात. त्याच जोडातून हेडलाइटचा प्रवाहही जात असेल, तर घसारा याच्या कितीतरी पट वाढतो, व्हॉल्व्ह आपली दांडी उचलू शकत नाही आणि कंट्रोल युनिटला मिळणारे सेन्सरांचे आकडेही डळमळतात.

उपाय म्हणजे पॉलिशपेपर मारून पुन्हा घट्ट बसवणे नव्हे. तो उपाय एक पावसाळा टिकतो. काळे पडलेले तांबे चमकदार भाग लागेपर्यंत कापून टाकावे, नवीन गोल लग चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबावेत, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी, पत्र्यावरचा रंग बोल्टच्या खाली पूर्ण खरवडावा आणि सगळे जोडून झाल्यावर वरून, आतून नव्हे, व्हॅसलीन फासावे. वायरी दोन-तीन बोल्टांवर विभागून द्याव्यात, म्हणजे हेडलाइट आणि सस्पेन्शन यांचे भांडण पुन्हा लागणार नाही. एका दुपारचे काम आहे आणि खर्च किरकोळ आहे.

इतक्या किरकोळ खर्चात सुटणाऱ्या दोषाने एका मोठ्या गाडीची अब्रू कशी घालवली, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक्सएम १९८९ च्या मे महिन्यात जाहीर झाली. तिच्या आधीची सीएक्स १९७४ सालची होती आणि दोघींच्या मध्ये सिट्रोएन कंपनी प्यूजोच्या छत्राखाली गेलेली होती, त्यामुळे एक्सएमचा सांगाडा प्यूजो ६०५ बरोबर वाटून घेतलेला होता. बाह्यरूप मात्र बेर्तोने या इटालियन डिझाइन-संस्थेच्या कार्यशाळेतले होते: लांबलचक टोकदार नाक, मागे चढत जाणारी खिडकीची रेघ आणि एकूण तेरा काचा. त्यातली तेरावी काच मला फार आवडते. ती डिकीचे झाकण उघडल्यावरही मागच्या सीटमागे तशीच उभी राहते, जेणेकरून सामान काढताना मागे बसलेल्यांच्या मानेवर थंड वारा येऊ नये. असला विचार करणाऱ्या माणसांनीच अर्थिंगच्या लगांकडे दुर्लक्ष करावे, याला काय म्हणावे! १९९० ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ही निवड तिने दुसऱ्या क्रमांकावरच्या मर्सिडीज एसएलला जवळजवळ दुप्पट गुणांच्या फरकाने मागे टाकून जिंकली. परीक्षकांनी मने भरून कौतुक केले ते याच हायड्रॅक्टिव्हचे.

मग गाड्या ग्राहकांकडे गेल्या आणि पहिल्या हिवाळ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या: काटे नाचतात, पंखा मनाला येईल तेव्हा चालतो, इंडिकेटर लावला की डॅशबोर्ड मंद होतो, सस्पेन्शन कडक होते. प्यूजो ६०५ च्या मालकांकडेही यातल्या विजेच्या तक्रारी होत्या, आणि तिच्यात तर हायड्रॉलिक सस्पेन्शन नव्हते. दोष तेलात नाही याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नको. पण लोकांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या मनात सिट्रोएन म्हणजे अवघड तेल-नळ्यांची गाडी हे समीकरण डीएसच्या काळापासून बसलेले होते, त्यामुळे आळ आला तो हायड्रॉलिक्सवरच. कंपनीने कनेक्टर आणि जोड टप्प्याटप्प्याने सुधारले, १९९४ मध्ये डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग बदललेली सुधारित गाडी आणली, आणि त्यानंतरच्या गाड्या खरोखरच निरोगी निघाल्या. तोपर्यंत या वर्गाचा ग्राहक बीएमडब्ल्यू ५ आणि मर्सिडीजकडे वळून बसला होता. डीएस साडेचौदा लाख आणि सीएक्स साडेअकरा लाखांच्या वर खपल्या होत्या; एक्सएम २००० साली बंद झाली तेव्हा आकडा सव्वातीन लाखांच्या थोडा पुढे होता. तिची जागा घेणारी सी६ यायला २००५ उजाडले. भारतात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सिट्रोएनच्या गाड्यांची 'गादीसारखी चाल' जाहिरातीत ऐकू येते, तिचा या गोळ्यांशी संबंध नाही; तिथे नेहमीचेच शॉक ॲब्सॉर्बर असतात, फार तर काही मॉडेलांत त्यांच्या आत हायड्रॉलिक थांबे.

अर्थिंग स्वच्छ करूनही "टक्" आवाज परतला नाही, तर पुढची पायरी व्हॉल्व्हची. त्याचा कनेक्टर काढून कॉइलचा रोध मोजावा. ५ ओहमच्या आसपास आला तर कॉइल शाबूत आहे, अनंत आला तर तुटलेली. तपासण्यासाठी तिला बॅटरीची वीज थेट द्यायची झाली तर अगदी क्षणभर द्यावी. कंट्रोल युनिट तिला सुरुवातीला पूर्ण प्रवाह देऊन उचलते आणि मग तो कमी करून फक्त धरून ठेवते; आपण सलग १२ व्होल्ट देत राहिलो तर चांगली कॉइल आपल्याच हाताने जाळू. व्हॉल्व्हच्या वायरीवर संरक्षक डायोड बसवलेले असतात. कॉइल बंद होताना उलटा फटका देते, तो हे डायोड झेलतात. ते निकामी झाले की फटका थेट कंट्रोल युनिटच्या ट्रान्झिस्टरवर बसतो. जुने युनिट मेले म्हणून दुसरे आणून लावले आणि तेही महिन्याभरात गेले, असे सांगणारे मालक भेटतात. त्यांनी डायोड तपासलेले नसतात. डायोड काही रुपयांचा आणि युनिट दुर्मीळ, म्हणून युनिट बदलण्यापूर्वी डायोड नवीन घालणे हा नियम समजावा.

सेन्सरांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते तुलनेने क्वचित बिघडतात. गाडी सरळ रस्त्यावर मऊ राहते आणि स्टिअरिंगला हात लावताच अकारण कडक होते, असे असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर पाहावा. ॲक्सिलरेटर हलवल्यावरच होत असेल तर पेडलजवळचा पाहावा. त्यांचेही कनेक्टर आधी उघडून स्वच्छ करावेत. आणि हो, स्पोर्ट लिहिलेला स्विच चुकून दाबलेला नाही ना, हेही बघावे. हसू नका, सुरुवातीच्या गाड्यांत तो दाबल्यावर गाडी कायमच कडक राहते.

आता उरले तेल आणि गोळे. इंजिन सुरू ठेवून गाडी उभी असताना पंपाच्या रेग्युलेटरचा "टिक्" आवाज ऐकावा. तो दाब १४५ बारपर्यंत उतरला की पंप कामाला लावतो आणि १७० बारला सोडतो. दोन आवाजांत अर्ध्या मिनिटाच्या वर अंतर असेल तर मुख्य साठ्याचा गोळा, म्हणजे पंपाने दिलेला दाब साठवून ठेवणारा वेगळा गोळा, चांगला आहे. दर तीन-चार सेकंदांनी टिकटिक होत असेल तर तो संपलेला आहे. कोपऱ्यातल्या गोळ्यांसाठी गाडीचा कोपरा हाताने दाबून पाहावा. भिंत दाबल्यासारखे वाटले तर तो गोळा गेला. गोळा काढण्यापूर्वी गाडीची उंची बदलण्याचा दांडा सगळ्यात खाली आणावा आणि रेग्युलेटरवरचा दाब सोडणारा स्क्रू एक-दीड आटे सैल करावा, पूर्ण काढू नये, कारण त्यामागे एक बारीकशी पोलादी गोळी असते आणि ती घरंगळली की दुपार तिच्या शोधातच जाते. दाब गेला की गाडी खाली बसते, तेव्हा भक्कम स्टँड लावल्याशिवाय कुणीही खाली शिरू नये. नवीन गोळा हातानेच घट्ट करायचा, सीलला आधी एलएचएमचे बोट लावून. तेल हिरवे एलएचएमच असले पाहिजे. त्यात नेहमीचे डॉट ब्रेक ऑइल एक कपभर जरी पडले तरी सगळी सीले फुगून निकामी होतात. टाकीतल्या दोन्ही जाळ्या पेट्रोलने धुऊन वाळवाव्यात.

बॉनेट उघडलेच आहे तर पुढच्या स्ट्रटचे, म्हणजे चाक आणि बॉडी जोडणाऱ्या उभ्या खांबाचे, वरचे रबरी माउंट नजरेखालून घालावे. रबर धातूपासून सुटून वर फुगून आले असेल, तर सस्पेन्शन मऊ आहे की कडक हा प्रश्न बाजूला ठेवून गाडी तिथेच उभी करावी. ते तुटले तर स्ट्रट बॉनेटपर्यंत येऊ शकतो.

सगळे काम झाल्यावर लगेच निकाल काढू नये. कोरड्या दिवशी घेतलेला व्होल्टेजचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ठेवावा आणि पहिल्या मुसळधार पावसानंतर, गाडी तापलेली असताना, हेडलाइट लावून तोच आकडा पुन्हा घ्यावा. माझ्या गाडीचा कोरडा आकडा ०.०४ होता, नोव्हेंबरातल्या पावसात, त्याच बोगद्यातून बाहेर पडून कडेला थांबून मोजला, तेव्हा तो ०.०५ भरला.